देवमाशाच्या शोधात सिंधुदुर्ग किनारी

वर्धा नदी वैनगंगेस मिळते, पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत शिरते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. आर्वी, पुलगाव वा हिंगणघाट येथील विद्यार्थ्यास अरबी समुद्राचे दर्शन घडते ते बहुधा शाळेच्या सहलीतच. अशी सहल मालवण, तारकर्ली वा निवतीस पोहोचली की होडीत पाय ठेवताच मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘देवमासा दिसेल काय?’ याचे उत्तर शिक्षकांनी निघण्यापूर्वीच जाणून घेतलेले बरे.

किनाऱ्यालगत दिसतात ते बहुतांशी डॉल्फिन होत. त्यांपैकी पाठीवर उंचवटा असलेली जात उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखांजवळ वावरते. देवमाशांपैकी ‘ब्रायडचा देवमासा’ या समुद्रात आढळल्याच्या नोंदी आहेत. परंतु वेंगुर्ल्यासमोरील दीपगृहाच्या खडकाळ बेटांपर्यंत गेले तरी त्याचे दर्शन क्वचितच घडते. देवमासा हमखास दाखवितो असे सांगणाऱ्यावर विसंबू नये.

नावात मासा असला तरी हे दोन्ही प्राणी सस्तन होत. ते फुप्फुसांनी श्वास घेतात व पिलांना दूध पाजतात. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, यांची वर-खाली. देवमाशाच्या डोक्यावरून उडणारा फवारा म्हणजे पोटातील पाणी नव्हे. तो जोराने सोडलेला उच्छ्वास असून त्यातील बाष्प व डोक्यावर साचलेले पाणी तुषारांच्या रूपाने दिसते. एवढे जरी मुलांना होडीतच समजले, तरी सहलीचा खर्च सार्थकी लागला म्हणावयाचे.

श्वासासाठी वर यावेच लागते, ही या प्राण्यांची अडचण आहे आणि प्रवाशांना ते दिसतात तेही त्यामुळेच. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. डॉल्फिन एकमेकांशी संपर्क व भक्ष्याचा शोध दोन्ही आवाजाच्याच आधारे करतात. चार-पाच होड्यांनी कळपास वेढा घातला तर यंत्रांच्या गोंगाटात पिलू आईपासून दुरावण्याचा धोका असतो. म्हणून होडी समोरून आडवी घालू नये, वेग कमी ठेवावा व कळपात शिरू नये. खाद्यही टाकू नये. ‘अजून जवळ घ्या’ असा आग्रह नावाड्यास सहसा प्रवासीच करतात, हे येथे नमूद केले पाहिजे.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. डॉल्फिन व देवमासे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. तरीही संकटे येतातच. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे एक प्रचंड देवमासा किनाऱ्यास लागून मरण पावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे पिलू अडकले. ग्रामस्थ व शासकीय यंत्रणांनी अहोरात्र खपून ते समुद्रात नेऊन सोडले, पण ते वाचले नाही. असा प्रसंग आल्यास ग्रामपंचायतीने प्रथम गर्दी हटवावी, वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे, प्राण्याची त्वचा ओल्या कापडाने भिजती ठेवावी. मात्र डोक्यावरील श्वासरंध्र झाकू नये.

मच्छीमारांचा प्रश्न याहून कठीण आहे. जाळ्यात डॉल्फिन वा कासव अडकले तर ते सोडविण्यासाठी जाळे कापावे लागते आणि जाळे ही त्या कुटुंबाची भांडवली मिळकत असते. हे ओळखून महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये भरपाईची योजना आणली. संरक्षित प्राणी जिवंत सोडण्यासाठी जाळे कापल्यास कमाल २५,००० रुपये मिळू शकतात. अर्जासोबत पुरावा म्हणून छायाचित्र वा चित्रफीत लागते; तेव्हा एकाने जाळे कापावयास घेतले की दुसऱ्याने भ्रमणध्वनी हाती घ्यावा.