जलतरण तलावासाठी उष्णकाची क्षमता-निश्चिती व देखभाल : दादरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

दादर येथील शिवाजी पार्क परिसरात बृहन्मुंबई महानगरपालिकेचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव आहे. शाळा-महाविद्यालयांतही तलाव बांधण्याची मागणी होत असते आणि हिवाळ्यातील पहाटेच्या थंड पाण्यामुळे उष्णक बसवावा, असा आग्रह धरला जातो. हा खर्च अखेर विद्यार्थ्यांच्या शुल्कातून वा करदात्यांच्या पैशांतून होतो. म्हणून उष्णकाच्या क्षमतेचा निर्णय विक्रेत्याच्या शिफारशीवर न सोपवता गणिताने कसा घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

क्षमतेचे गणित

१ घनमीटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे १.१६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद व सरासरी २ मीटर खोल तलावात २,५०० घनमीटर पाणी असते. ते १ अंशाने तापविण्यास सुमारे २,९०० युनिट, म्हणजेच २४ तासांसाठी १२१ किलोवॅट क्षमता लागेल.

परंतु केवळ आकारमानावरून क्षमता ठरविणे ही मोठी चूक होय. तलावाची उष्णता प्रामुख्याने पृष्ठभागावरील बाष्पीभवनाने जाते. १,२५० चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला ४ मिलिमीटर पाणी उडते असे गृहीत धरल्यास सुमारे ३,४०० युनिट उष्णता नष्ट होते. हा ऱ्हास सरासरी १४१ किलोवॅट भरतो. अर्थात, अन्य उष्णता मिळत नसेल तर १२१ किलोवॅटचा उष्णक तापमान टिकवूही शकणार नाही. रात्री तलावावर आच्छादन घातल्यास हा ऱ्हास बराच कमी होतो व लहान उष्णक पुरतो.

याउलट, खुल्या तलावास सूर्याचीही उष्णता मिळते. मुंबईत जानेवारीतही दर चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण साडेचार ते पाच युनिट सौरऊर्जा पडते. तेव्हा खुल्या तलावास बहुधा आच्छादनच पुरेसे ठरावे. उष्णकाची खरी गरज छताखालील वा सावलीतील तलावास असते. स्पर्धांसाठी २५ ते २८ अंश तापमान विहित आहे. लहान मुले व ज्येष्ठ नागरिक यांना त्याहून उबदार पाणी लागते. म्हणून खरेदीपूर्वी किमान एक महिना पहाटेच्या तापमानाची नोंद ठेवावी.

प्रकार व देखभाल

मुंबईच्या उष्ण-दमट हवेत उष्मापंप किफायतशीर ठरतो. विजेच्या एका युनिटमागे तो साधारणतः चार ते पाच युनिट उष्णता देतो. मात्र दादर समुद्रालगत असल्याने खारी हवा त्याच्या धातूच्या पात्या गंजविते. त्या गोड्या पाण्याने नियमित धुवाव्यात. पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ दरम्यान राखावा. सामू घटल्यास तांब्याची नळी झिजते, वाढल्यास क्षारांचा थर साचून उष्णतेचे वहन मंदावते. कूपनलिकेचे कठीण पाणी वापरल्यास ही दक्षता अधिक हवी. गाळणी तुंबली की प्रवाह घटतो व उष्णक वारंवार बंद पडतो. अशा वेळी दोष उष्णकात शोधण्यापूर्वी गाळणी तपासावी. क्लोरीन नेहमी उष्णकाच्या पुढील नळीत सोडावे, अन्यथा त्याचे तीव्र द्रावण उष्णकातील धातू खाते.

निष्कर्ष

तापमानाची नोंद, आच्छादन व त्यानंतर उष्णक हा क्रम पाळल्यास अनाठायी खर्च टळेल. महाविद्यालयातील भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांनी ही मापने विद्यार्थी-प्रकल्प म्हणून हाती घेतल्यास संस्थेस योग्य निर्णय व विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष अनुभव, असा दुहेरी लाभ होईल.