क्षय आणि एड्स : एक जोडगोळी

दोस्तांनो, डाव्या हाताची बाही जरा वर करा बरं. दंडावर एक बारीकसा गोल व्रण दिसतो का? बहुतेकांना दिसेल. तुम्ही जन्मल्यावर टोचलेल्या बी.सी.जी. लशीची ती खूण. क्षयाविरुद्धची ही लस माणसाला पहिल्यांदा १९२१ साली पॅरिसमध्ये दिली गेली. मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून ती तान्ह्या बाळांना बरीच वाचवते. पण मोठेपणी फुप्फुसाचा क्षय होणारच नाही, याची हमी मात्र ती देत नाही.

क्षय म्हणजेच टीबी. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जंतू सापडला म्हणजे औषध मिळालं असं थोडंच असतं! तुम्हांला धड्यात भेटलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी त्यानंतर पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, क्षयानंच गेल्या. वय अवघं एकवीस. क्षयावरची खात्रीची औषधं यायला पुढं साठेक वर्षं जावी लागली.

आता गंमत ऐका. जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, असा अंदाज आहे. मग एवढे लोक आजारी का दिसत नाहीत? कारण आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला चारी बाजूंनी घेरतात आणि जणू कोठडीत डांबतात. जंतू मरत नाही, नुसता पडून राहतो. पहारा नीट असेल तर जन्मभर तो बाहेर येत नाही. अशा शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो.

दुसरा जंतू याहून फार लहान. तो विषाणू आहे, नाव एच.आय.व्ही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९८३ साली तो ओळखला गेला. हा नेमका पहारेकऱ्यांवरच हल्ला करतो. सी.डी.४ नावाच्या पेशी म्हणजे पहाऱ्यावरचे जमादार. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण पाचशे ते दीड हजार असतात. औषध घेतलं नाही, तर वर्षामागून वर्ष त्या घटत जातात. दोनशेच्या खाली गेल्या की एड्सची अवस्था आली असं मानतात. जमादारच उरले नाहीत, मग कोठडीचं दार कोण धरणार? आतला क्षयाचा जंतू जागा होतो आणि पसरतो. एच.आय.व्ही. असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा दहापटीहून अधिक असतो. अशा रुग्णांच्या मृत्यूचं जगातलं सर्वांत मोठं कारण आजही क्षय हेच आहे. आणि क्षयसुद्धा आपल्या परीनं विषाणूला वाढायला मदत करतो. आहे की नाही जोडगोळी?

ही जोडगोळी काय करू शकते, ते दक्षिण आफ्रिकेनं सोसलं. तिथल्या सोन्याच्या खाणींत शंभरावर वर्षं गावोगावचे आणि शेजारच्या देशांतले पुरुष कामाला येत. खडक फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसे, आणि असं फुप्फुस क्षयाच्या हाती लवकर लागतं. राहायचं दाटीवाटीच्या वसतिगृहात, घरापासून, बायकामुलांपासून लांब. क्षय तिथं आधीपासून होताच. १९९० नंतर एच.आय.व्ही. झपाट्यानं पसरला आणि आगीत तेल पडलं. खाणीतून घरी गेलेला माणूस दोन्ही आजार सोबत घेऊन जाई.

नेल्सन मंडेला तुम्हांला ठाऊक आहेतच. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेला हा माणूस. १९८८ साली केपटाउनजवळच्या पोल्समूर तुरुंगात, ओल आलेल्या कोठडीत असताना त्यांना खोकला जडला. तपासणीत क्षय निघाला. छातीतलं पाणी काढावं लागलं. पण निदान वेळेवर झालं, औषधं मिळाली आणि ते खडखडीत बरे झाले. पुढं १९९४ साली राष्ट्राध्यक्षही झाले. २००४ साली बँकॉकच्या जागतिक एड्स परिषदेत त्यांनी स्वतःच्या या आजाराची गोष्ट सांगितली. क्षयाशी लढल्याशिवाय एड्सविरुद्धची लढाई जिंकता येणार नाही, असं त्यांनी तिथं बजावलं.

पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी २००५ रोजी, त्यांचा मुलगा मकगाथो वारला. त्याच दिवशी मंडेलांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं, की माझा मुलगा एड्सनं गेला. उघड बोललो तरच हा आजार क्षय किंवा कर्करोगासारखा एक साधा आजार वाटू लागेल, असं त्यांचं म्हणणं. मला इथं जरा थांबावंसं वाटतं. मंडेला क्षयाला ‘साधा आजार’ म्हणाले. आपल्याकडं मात्र अजून कित्येक घरांत क्षयाचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेतात, मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून गोळ्यांचं पाकीट धान्याच्या डब्यामागं लपवतात. मग दोन्ही आजार एकत्र आलेल्यानं कुणाला सांगायचं?

लपवण्याची किंमत फार मोठी असते. दक्षिण आफ्रिकेतल्या टुगेला फेरी या खेड्यातल्या रुग्णालयात २००५-०६ साली त्रेपन्न रुग्णांना असा क्षय आढळला, की ज्यावर नेहमीची जवळजवळ कुठलीच औषधं चालेनात. बावन्न जण दगावले. ज्यांची एच.आय.व्ही.ची तपासणी झाली होती, त्या सगळ्यांना तो होता. निम्म्याहून अधिक जणांनी त्याआधी क्षयाचं औषध घेतलेलंच नव्हतं. म्हणजे हा चिवट जंतू त्यांना दुसऱ्याच कुणाकडून लागला होता. भरलेले वॉर्ड आणि कोंदट हवा, मग काय होणार! पुढं पेरू देशातल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत हवा मोजली गेली. उंच छताच्या, मोठाल्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींनी नव्या यंत्रांच्या वॉर्डांना मागं टाकलं. उघडी खिडकी फुकट असते, हे मी माझ्या वर्गात रोज सांगते, आणि थंडीत मुलं ती रोज लावून घेतात!

औषधाच्या गोष्टीत आपली मुंबईही आहे बरं का. एच.आय.व्ही.ला रोखून धरणारी तीन औषधांची जोड १९९६च्या सुमारास आली, पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर! २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीच जोड साडेतीनशे डॉलरला देऊ केली. म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी. जगभर खळबळ उडाली. २००४ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेतही सरकारी दवाखान्यांतून ही औषधं मोफत मिळू लागली.

तरी दोन्ही आजारांवर एकदम उपचार करणं सोपं नसतं. पहिली अडचण निदानाची. पहारेकरीच कमी, म्हणून फुप्फुसात जोराची लढाई होत नाही. लढाई नाही म्हणून थुंकीत जंतूही थोडे. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही आणि माणूस आत पोखरला जातो. २०१०च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं एका नव्या यंत्राला मान्यता दिली. ते जंतूचा जनुकीय माग काढून दोनेक तासांत उत्तर देतं, आणि महत्त्वाचं एक औषध चालेल की नाही, तेही सांगतं.

दुसरी अडचण आधी कुठलं औषध द्यायचं, ही. बहुतेक वेळा क्षयाचं आधी सुरू करतात आणि दोन आठवड्यांच्या आत एच.आय.व्ही.चं. उलट केलं तर जाग्या झालेल्या पहारेकऱ्यांची फौज लपलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडते, आणि त्या हाणामारीत रुग्णच फणफणतो. तिसरी अडचण रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाची. त्यानं लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं नाही. पण ते यकृताला इतकं कामाला लावतं, की एच.आय.व्ही.चं औषध शरीरात लवकर संपून जातं. म्हणून डोल्युटेग्राविर हे औषध अशा रुग्णाला दिवसातून एकदाऐवजी दोनदा देतात. नेहमीचा क्षय सहा महिन्यांत पूर्ण बरा होतो. एच.आय.व्ही.ची गोळी मात्र जन्मभर घ्यायची असते. ती रोज घेणारा माणूस आपल्यासारखाच शिकतो, नोकरी करतो, म्हातारा होतो.

“बाई, डास चावला तर एड्स होतो का हो?” हा प्रश्न मला दर वर्षी सातवीत कुणीतरी विचारतंच. नाही होत. डास आपलं रक्त ओढतो, आणि सोडतो ती स्वतःची लाळ. शिवाय हा विषाणू डासाच्या पोटात टिकत नाही. एका बाकावर बसून, एका डब्यात जेवून, शाळेच्या नळाचं पाणी पिऊनही तो लागत नाही. तो जातो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून आणि उपचार न मिळालेल्या आईकडून बाळाला. क्षय मात्र हवेतून पसरतो. पण नीट औषध सुरू झालं, की काही आठवड्यांत त्या रुग्णापासून बहुतेक धोका राहत नाही.

आता सरकारी दवाखान्यात क्षय निघालेल्या माणसाला एच.आय.व्ही.ची तपासणी करायला सांगतात. आणि एच.आय.व्ही. असलेल्याला दर भेटीत चार गोष्टी विचारतात : खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटलं का, रात्री घाम येतो का? लहान मुलांच्या बाबतीत रात्रीच्या घामाचा प्रश्न नसतो. त्यांचं वजन वाढतंय ना, हे पाहतात, आणि विचारतात, “बाळा, घरात कुणी खूप दिवस खोकतंय का?”