नळी लांब की आखूड?

इंजिनाचं अंतरंग : भाग ६

पिस्टन तळाला पोचून वर वळला, तरी इनटेक व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही, हे मागच्या भागात पाहिलं. तो थोडा जास्त वेळ उघडा ठेवण्याचा पुरेपूर फायदा मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या अलीकडच्या नळीच्या लांबीवर ठरतं.

पिस्टन झपाट्याने खाली जातो, तेव्हा व्हॉल्व्हपाशी हवेचा दाब घटतो. कमी दाबाची ही लाट ध्वनीच्या वेगाने नळीच्या उघड्या तोंडाकडे निघते. मॅनिफोल्डच्या मोकळ्या पोकळीशी पोचली की ती उलटते आणि जादा दाबाची लाट होऊन परत फिरते. व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेतात असताना ती येऊन थडकली, तर सिलिंडरमध्ये थोडी जास्त हवा कोंबली जाते. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येतं, आणि जोरही जास्त मिळतो.

आता हिशेब करू. नळी ७६ सेंटिमीटर लांब असेल, तर ध्वनीच्या सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने लाटेच्या जाण्यायेण्याला साडेचार मिलिसेकंद लागतात. क्रँक २४० अंश फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो असं धरलं, तर २,८०० आरपीएमला त्याला सुमारे १४ मिलिसेकंद मिळतात. ५,६०० ला जेमतेम सात. लाटेचा वेग मात्र तोच राहतो. म्हणून फेरे वाढले की नळी आखूड हवी.

याचा उत्तम दाखला म्हणजे १९६० ची अमेरिकन क्रायसलर ३००एफ. तिच्या ६.८ लिटरच्या व्ही८ इंजिनावर दोन कार्ब्युरेटर दोन टोकांना बसवले होते आणि प्रत्येकाच्या लांबलचक नळ्या इंजिन ओलांडून पलीकडच्या सिलिंडरांना हवा पुरवत. या नळ्यांची लांबी ३० इंच, म्हणजे आपले ७६ सेंटिमीटर. ताकद ३७५ अश्वशक्ती, आणि सर्वाधिक टॉर्क २,८०० आरपीएमलाच. जास्त ताकदीच्या पर्यायात नळ्या बाहेरून तशाच दिसत. आतल्या भिंती मात्र कापून परिणामी लांबी १५ इंचांवर आणली होती. ताकद ४०० अश्वशक्तींवर गेली. पण सर्वाधिक टॉर्क सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि तो मिळायला ३,६०० आरपीएमपर्यंत जावं लागे. लांबी निम्मी होऊनही हे फेरे दुप्पट झाले नाहीत, कारण कॅम, व्हॉल्व्ह आणि पोर्ट यांचाही त्यात वाटा असतोच.

दोन्ही फायदे हवे असतील, तर लांबी चालत्या इंजिनात बदलावी लागते. १९९१ ची ल मान्स शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी च्या रोटरी इंजिनात व्हॉल्व्ह नव्हते, तरी नळ्या फेऱ्यांनुसार सरकून लांब-आखूड होत. आज अनेक साध्या मोटारींच्या मॅनिफोल्डमध्ये एक झडप असते. ती कमी फेऱ्यांना हवा लांबच्या वाटेने आणि जास्त फेऱ्यांना जवळच्या वाटेने सोडते.

म्हणून मॅनिफोल्ड बदलून आखूड नळ्या बसवण्याआधी आपली गाडी बहुतेक वेळ किती आरपीएमला चालते, ते मीटरवर पाहा. गर्दीत आणि घाटात २,००० च्या आसपास चालणाऱ्या गाडीला आखूड नळ्या बसवल्या, तर रोज लागणारा जोर कमी होतो, आणि मिळवलेली ताकद ज्या फेऱ्यांवर असते, तिथे काटा क्वचितच पोचतो.

पुढच्या आठवड्यात : याच लाटा एक्झॉस्टच्या नळीत काय करतात?