विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय

विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय हे पुणे शहराच्या कर्वेनगर भागातील एक खाजगी संग्रहालय आहे. सायकलप्रेमी विक्रम पेंडसे यांनी हौसेने जमवलेल्या जुन्या सायकली, त्यांचे सुटे भाग आणि दिवे, कुलुपे, पंप यांसारखी उपकरणे येथे पाहावयास मिळतात. संग्रहालय २०१७ साली सर्वांसाठी खुले झाले. संग्रहातील सायकलींची संख्या दीडशेच्या वर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी बनावटीच्या सायकली हा या संग्रहाचा गाभा होय.

पार्श्वभूमी

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. विद्यार्थी, कारकून, दूधवाले, पोस्टमन, प्राध्यापक असे सारेच सायकलीवरून फिरत. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांत होती. रात्री दिवा नसणे किंवा डबलसीट जाणे हा पोलिसाने अडवण्याजोगा गुन्हा होता. पुढे स्कूटर व मोटारसायकल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आणि सायकली आधी जिन्याखाली, मग माळ्यावर व अखेरीस भंगारवाल्याकडे गेल्या.

राजाची तलवार किंवा देवळातील समई जपून ठेवावी, असे कोणालाही सुचते. सायकलीचे तसे नाही. ती घरोघरी होती, म्हणूनच ती जपण्याचा विचार फारसा कोणी केला नाही. भंगारात लोखंड वजनावर जाते. तेथे चाळीस वर्षे चाललेली उत्तम सायकल आणि गंजलेली बादली यांचा भाव एकच. अशा वस्तू वेळीच उचलून बाजूला ठेवणारा माणूस भेटला नाही, तर त्या पुढच्या पिढीला केवळ छायाचित्रांतून दिसतात. पेंडसे यांच्या संग्रहाचे महत्त्व प्रथमतः या दृष्टीने आहे.

संग्रहाची सुरुवात

पेंडसे यांनी १९९५ च्या सुमारास सायकली जमवावयास सुरुवात केली. आरंभ झाला तो बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याच्या ‘पॅराट्रूपर’ या घडीच्या सायकलीपासून. बीएसए ही मुळात बंदुका बनवणारी कंपनी. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे तिचे बोधचिन्ह सायकलींवरही कायम राहिले. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी तिने ही खास सायकल तयार केली. नेहमीच्या सायकलीची चौकट सरळ नळ्यांची असते. हिच्या नळ्या मात्र वाकवून लांबट वर्तुळासारख्या जोडलेल्या असून चौकट मधोमध बिजागरीवर दुमडते. ती घट्ट धरून ठेवण्यासाठी दोन पंखांचे नट असतात. हे नट हाताने फिरवता येतात, पान्याची गरज पडत नाही. पायडलांच्या जागी केवळ दांडे असून तेही आत ढकलता येतात. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही सैनिकांच्या खांद्यावर याच सायकली होत्या. रणांगणावर त्यांचा उपयोग अपेक्षेपेक्षा कमी झाला. त्या पुढे नागरी बाजारात आल्या आणि जगभर पसरल्या.

सायकल ओळखण्याची रीत

जुन्या सायकलीचा रंग उडालेला असतो, नावाची पट्टी निखळलेली असते. मग ती कोणत्या कारखान्याची हे कसे ओळखावे? जाणकार प्रथम पायडलाजवळचे दातेरी चक्र पाहतो. इंग्रज कारखानदारांनी आपली खूण या चक्राच्या पोटातच कोरलेली असे. रॅलेच्या चक्रात बगळ्याची तीन मुंडकी, बीएसएच्या चक्रात कंपनीची आद्याक्षरे, रजच्या चक्रात उघडा पंजा, तर हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृती दिसतात. ज्यांना इंग्रजी वाचता येत नसे असे कारागीरही त्यावरून सायकलीचे कुळ सांगू शकत.

सालाचा अंदाज मागील चाकाच्या हबवरून करता येतो. रॅलेसह अनेक कारखाने वापरत असलेल्या स्टर्मी-आर्चर या तीन गियरच्या हबवर बहुधा सालाचे अखेरचे दोन अंक ठोकलेले असतात. अर्थात हब बदललेला असेल तर हा पुरावा फसवा ठरतो. म्हणून एकाच खुणेवर विसंबणे बरे नव्हे. स्वातंत्र्यानंतर सायकली भारतातच मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या आणि ओळखीचे काम आणखी अवघड झाले. मद्रासच्या टी. आय. सायकल्सने हर्क्युलिस, तर आसनसोलच्या सेन-रॅलेने रॅले ही इंग्रजी नावे येथे चालवली. त्यामुळे पट्टीवर ‘रॅले’ असले, तरी सायकल नॉटिंगहॅमची की आसनसोलची हे सुटे भाग पाहूनच ठरवावे लागते.

सनबीम ही संग्रहातील मानाची सायकल. वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन मार्स्टन यांचा मूळ व्यवसाय पत्र्याच्या वस्तूंवर चकचकीत काळा रोगण चढवण्याचा. तेच कौशल्य सायकलीवर उतरले: काळाभोर रंग आणि त्यावर बारीक सोनेरी रेघ. तिची चेन पूर्ण बंद पेटीत असून तेलात बुडून फिरे. धूळ व चिखल आत शिरत नसल्याने ती वर्षानुवर्षे टिकत असे. आपल्याकडील पावसाळा पाहिलेल्या माणसाला या पेटीचे मोल वेगळे सांगावयास नको.

जीर्णोद्धार

जुनी सायकल मिळवणे हे अर्धेच काम आहे. पेंडसे यांना सायकली उलगडून पुन्हा पूर्वस्थितीत आणण्याच्या कामी अनुभवी कारागिराची साथ लाभली. या कामातील खरी अडचण आट्यांची असते. पायडलाचा आस ज्या वाट्यांत फिरतो, त्यांवर बहुतेक इंग्रजी कारखाने इंचाला २४ आटे पाडत. रॅले मात्र २६ पाडी. एकाची वाटी दुसऱ्याच्या चौकटीत जोराने पिळून बसवली की चौकटीचे आटेच कायमचे जातात. त्यामुळे एखाद्या लहानशा वाटीसाठी जुन्या बाजारात महिनोन् महिने शोध घ्यावा लागतो.

जुनी सायकल नव्याने रंगवावी काय, याविषयी संग्राहकांत मतभेद आहेत. गंजाने पोखरलेली चौकट रंगवल्याविना टिकत नाही, हे खरे. परंतु मूळ रंग, सोनेरी रेघ आणि कारखान्याचे चिन्ह जेथे शाबूत आहे, तेथे ते पुसून नवा मुलामा चढवणे म्हणजे जुन्या पोथीची अक्षरे नव्या शाईने गिरवण्यासारखे होईल. अशा ठिकाणी तेलाचा हात पुरे.

दिवे आणि इतर उपकरणे

शालेय विद्यार्थ्यांनी सायकलींइतकेच लक्ष दिव्यांकडे द्यावे. सुरुवातीचे दिवे तेलाचे होते. त्यानंतर कार्बाइडचा दिवा आला. त्याच्या वरच्या भांड्यातील पाणी खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पडते, ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो पेटवला की पांढरा प्रखर प्रकाश मिळतो. तळाशी उरलेला चुन्याचा लगदा दुसऱ्या दिवशी खरवडून काढावा लागे. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील समीकरण येथे हँडलला लटकलेले दिसते. डायनॅमोने हा उपद्व्याप संपवला. टायरला घासून फिरणाऱ्या या बाटलीमुळे वीज मिळू लागली. मात्र चाक थांबले की दिवाही विझे, आणि चढावर दमलेल्या स्वारापुढे नेमका अंधार पसरे. हबच्या आतच वीज निर्माण करणारी डायनोहब ही रॅले परिवाराची सुधारणा. तिच्यामुळे टायरवरील घर्षण व आवाज टळला. थांबल्यावर येणारा अंधार टळला नाही.

याखेरीज संग्रहात विविध प्रकारची कुलुपे, घंट्या, हवा भरण्याचे पंप, सळईचे ब्रेक आणि लहान मुलांच्या सायकली आहेत. जुन्या काळच्या काही घरगुती वस्तूही त्यांच्या शेजारी मांडलेल्या आहेत.