बोर्ड गरम लागतोय का?

थंडी पडली की हॉस्टेल आणि पीजीमध्ये सकाळी एकच धांदल उडते. बादलीत पाण्याचा रॉड, टेबलावर इलेक्ट्रिक केटल, बाजूला लॅपटॉप आणि या सगळ्यांचा भार एका एक्स्टेन्शन बोर्डवर! तुमच्या खोलीतही हेच चित्र असेल, तर बारावीचं फिजिक्स जरा बाहेर काढा. मार्कांसाठी नाही, खोली शाबूत राहावी म्हणून.

फॉर्म्युले दोनच. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. आपल्याकडे घरातलं व्होल्टेज २३० धरतात. रॉडवर १५०० वॉट लिहिलं असेल, तर १५०० भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. आता २३० ला साडेसहाने भागा. रॉडचा रेझिस्टन्स आला साधारण ३५ ओहम.

मग बोर्ड उलटा करून बघा. त्यावर ६ अँपिअर लिहिलं असेल, तर त्याची झेप २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॉटपर्यंतच. एकटा रॉडच त्याला जड आहे. सोबत १५०० वॉटची केटल लावली की करंट १३ अँपिअर! उलट ६५ वॉटचा लॅपटॉप चार्जर जेमतेम ०.२८ अँपिअर घेतो. असे चार लावले तरी बोर्डाला काही वाटत नाही. प्लग किती आहेत ते मोजू नका, वॉट मोजा.

‘अहो, वर्षभर चालतंय की!’ असं म्हणाल. पण वर्षभरात सॉकेट सैल होतं. पिन नीट टेकत नाही आणि त्या जागी रेझिस्टन्स वाढतो. समजा, तो अर्धा ओहम झाला. उष्णता निघते करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स या हिशोबाने. साडेसहाचा वर्ग ४२, त्याचं अर्धं २१ वॉट. एवढंसंच? पण २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न धातू वितळवतो, हे लॅबमध्ये बघितलंय ना? जवळपास तेवढीच उष्णता इथे प्लास्टिकच्या आत, पिनेएवढ्या जागेत कोंडली जाते. त्याच सैल सॉकेटमध्ये लॅपटॉपचा चार्जर लावला, तर उष्णता ०.०४ वॉट. फरक करंटच्या वर्गाचा!

‘एमसीबी पडेल की’ या भरवशावरही राहू नका. एमसीबी पडतो तो करंट वाढल्यावर. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो. त्यामुळे १६ अँपिअरचा एमसीबी शांत बसतो आणि प्लास्टिक जळत राहतं.

म्हणून आजच एवढं करा. भिंतीवरचा स्विच बंद करा, प्लग काढा. पिना चटका देतायत? सॉकेट काळपट पडलंय? जळका वास येतोय? मग तो बोर्ड सरळ टाकून द्या. रॉड आणि केटल एकावेळी एकच, तेही भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. जाड पिनांचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसत नाही, तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. कन्व्हर्टर लावून ती सोय मोडू नका.

खोलीत मोठं सॉकेटच नाही? मग हेच गणित कागदावर मांडा आणि मालकांना दाखवा. ‘आधीच्या मुलांचं भागलं’ असं ते म्हणतीलच. त्यांना फक्त बोर्डाला हात लावून बघायला सांगा.