पर्सियसची कथा आणि दोन भाकिते

डिसेंबरअखेरीस रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून आकाशात उंच पाहा. शर्मिष्ठेच्या उजवीकडे, थोडा वर, ययाती हा तारकासमूह दिसेल. ग्रीक लोकांनी तेथे पर्सियस हा वीर कल्पिला.

त्याची कथा एका भाकितापासून सुरू होते. ‘मुलीच्या मुलाच्या हातून तुला मरण येईल,’ असे आर्गॉसचा राजा अ‍ॅक्रिसियस याला देववाणीने सांगितले. घाबरून त्याने मुलगी डानाई व तान्हा पर्सियस यांना पेटीत कोंडून समुद्रात लोटले. पेटी सेरिफॉस बेटाला लागली. एका कोळ्याने दोघांना आसरा दिला. पुढे तेथील राजाने तरुण पर्सियसला मेड्यूसाचे शिर आणायला धाडले. केसांच्या जागी साप असलेल्या या राक्षसिणीकडे जो पाही, त्याचा दगड होई. पर्सियसने ढालीतील प्रतिबिंबावर नजर ठेवून तिचे शिर कापले. परतताना त्याने सागरी राक्षसापासून अ‍ॅन्ड्रोमेडाला सोडवले व तिच्याशी लग्न केले. आकाशात तिलाच आपण देवयानी म्हणतो. पुढे एका स्पर्धेत त्याने फेकलेली थाळी एका वृद्ध प्रेक्षकाला लागली व तो मेला. तो अ‍ॅक्रिसियस होता!

आकाशातील पर्सियसच्या हाती मेड्यूसाचे शिर आहे. तेथील ठळक तारा अल्गॉल. या अरबी नावाचा अर्थ राक्षस. हा तारा मधूनच मंदावतो. इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८२-८३ मध्ये रात्रीमागून रात्री त्याची निरीक्षणे केली आणि मंदावण्याचा ठराविक काल शोधला. तेव्हा त्याचे वय होते अवघे १८! एखादी काळोखी वस्तू ताऱ्यापुढून जात असावी, असा तर्कही त्याने मांडला. १८८९ मध्ये फोगेलने वर्णपटावरून अल्गॉलला खरोखरच जोडीदार असल्याचे दाखवले. हा मंद तारा दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी अल्गॉलला झाकतो आणि तेज सुमारे एक-तृतीयांशावर येते.

अ‍ॅक्रिसियसच्या भाकितात वेळ नव्हती, कारण नव्हते. होती ती भीती. गुडरिकचे भाकीत वेळ व कारण दोन्ही सांगते आणि कोणीही ते तपासू शकतो. तुम्हीही तपासा. देवयानीच्या पायाशी असलेला तारा व अल्गॉल एरवी जवळजवळ सारखेच तेजस्वी असतात. अल्गॉल अगदी मंद दिसला, की वेळ टिपा आणि पुढची वेळ स्वतःच सांगा!