शेजाऱ्याची सही, महापालिकेचा नकाशा

सुरतेतले लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा. तापी खोऱ्याच्या रेल्वेनं १९०० साली सुरत अमळनेरला जोडलं गेलं आणि नंतरच्या पिढ्यांत खानदेशातून निघालेली माणसं यंत्रमागांच्या खडखडाटाशेजारी इथं स्थिरावली. त्यांच्या सोसायट्यांमधली जुनी बैठी रो-हाउसं आता पाडली जात आहेत आणि त्या जागी मजले चढत आहेत. नकाशा कोण काढणार हे ठरण्याआधी घरात विषय निघतो तो बाजूच्या काकांचा. ते सही देतील का, अडवतील का, अडवलंच तर किती मागतील? भिंतीपलीकडे काकाही चहा पिता पिता ठामपणे सांगत असतात, "माझ्या सहीशिवाय याला एक वीट लावता येणार नाही."

काकांचं म्हणणं चूक आहे. पण मंजुरी हातात पडली की काकांचा विषय संपला, असं मानणारा बांधणाराही चुकतो, आणि त्याची चूक जास्त महागात जाते.

आधी सहीचं पाहू. सुरत महापालिकेच्या हद्दीत परवानगी महापालिका देते, हद्दीबाहेर १९७८ साली स्थापन झालेलं सुरत नागरी विकास प्राधिकरण, म्हणजे 'सुडा'. दोघांचाही आधार १९७६ चा गुजरात नगररचना आणि नागरी विकास कायदा आणि २०१७ ची राज्यभरासाठीची विकास नियंत्रण नियमावली. अर्ज ऑनलाइन जातो. त्यात मालकीचे कागद, झोन, रस्त्याची रुंदी, एफएसआय, उंची, पार्किंग, अग्निसुरक्षा आणि चहूबाजूंनी सोडायचं मार्जिन तपासलं जातं. स्वतःच्या मालकीच्या स्वतंत्र प्लॉटवर नियमात बसणारं घर बांधायला शेजाऱ्याचं ना-हरकत पत्र हा काही या तपासणीचा भाग नाही. शेजाऱ्याचा विचार नियमांनी आधीच केलेला असतो. मार्जिन म्हणजे त्याच्या वाट्याची हवा आणि आग लागली तर बंबाला वाट. म्हणून अधिकारी शेजाऱ्याची मर्जी विचारत नाही, अंतर मोजतो.

याची दुसरी बाजू मात्र लोक सोयीस्करपणे विसरतात. शेजाऱ्यानं खुशीनं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की 'मार्जिन सोडलं नाही तरी माझी हरकत नाही', तरी त्या कागदानं नियम वाकत नाही. मार्जिन दोन घरांमधला खासगी सौदा नाही. काका उद्या घर विकतील, नवा मालक येईल, आणि तो कागद फार तर जुन्या मैत्रीची आठवण म्हणून उरेल.

सही लागते ती शेजारी सहमालक असेल तेव्हा. गोपीपुरा, नानपुरा, रांदेर, सलाबतपुरा या जुन्या भागांत दोन घरांची एकच सामाईक भिंत असते. एकीकडचं घर पाडायचं तर त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला टेकलेल्या घराचं काय, हे आधी ठरवावंच लागतं. जमीन सोसायटीच्या नावावर असेल तर अर्जदाराचा हक्कच सोसायटीतून येतो, तिथं सोसायटीचं पत्र टाळता येत नाही. भावाभावांच्या न वाटलेल्या प्लॉटचंही तेच.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडून ऐकून अनेकांना वाटतं की आपल्याकडेही शेजाऱ्यांना नोटीस जात असावी. तिकडे खरंच जाते. बांधकामाचा अर्ज आला की स्थानिक परिषद शेजाऱ्यांना पत्र पाठवते किंवा जागेवर सूचना लावते आणि म्हणणं मांडायला २१ दिवस देते. पण तिथंही 'माझ्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल' किंवा 'माझ्या घराची किंमत पडेल' या हरकती धरल्या जात नाहीत. सावली, खासगीपणा, रहदारी हे मुद्दे धरले जातात.

आपल्याकडे देखाव्याचा हक्क नाहीच, पण उजेडाचा आहे, आणि तो कित्येकांना माहीत नसतो. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा १८९१ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्याला लागू झाला. सुरत हा त्या इलाख्यातला ब्रिटिश जिल्हा, म्हणून इथं तो सव्वाशेहून जास्त वर्षं चालू आहे. एखाद्या इमारतीला खिडकीतून उजेड आणि वारा वीस वर्षं शांतपणे, खंड न पडता मिळत आला असेल, तर तो तिचा हक्क बनतो. मात्र वीस वर्षांचा हिशेब करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. उपभोग परवानगीनं किंवा करारानं मिळालेला असेल तर हक्क तयार होत नाही. आणि नव्या भिंतीमुळे उजेड थोडा कमी झाला एवढं पुरत नाही. त्रास ठोस हवा, म्हणजे घराची किंमत लक्षणीय घटली किंवा तिथं नीट राहता येईना, असं दाखवावं लागतं. सुरतेत वीस वर्षं जुन्या खिडक्या असंख्य आहेत आणि अशा दाव्यात पुरावा म्हणून उपयोगी पडतील अशा जुन्या पावत्या, फोटो, वीजबिलं सांभाळून ठेवणारी घरं फार थोडी.

आता बांधणाऱ्याच्या गैरसमजाकडे. मंजूर नकाशा हातात आला की त्याला वाटतं, हद्द, मालकी, उजेड सगळं सरकारनं मान्य केलं. गुजरातच्या नियमावलीत नेमकं उलट लिहिलेलं आहे. विकास परवानगी म्हणजे मालकी हक्क, सुविधाधिकार, प्लॉटची हद्द किंवा बांधकामाची मजबुती यांना दिलेली मान्यता नव्हे. महापालिका एवढंच सांगते की कागदावरचं बांधकाम नियमांत बसतं. कागदावरची रेघ जमिनीवर कुठे येते, हा प्रश्न शेजाऱ्यासाठी मोकळाच राहतो आणि तो दिवाणी न्यायालयात नेता येतो. वीतभर हद्दीवरून स्थगिती आली की स्लॅबचं काम पावसाळाभर लटकतं. म्हणून शहाणा माणूस खोदकामाआधी सिटी सर्व्हे किंवा डीआयएलआर (जिल्हा भूमी अभिलेख) कचेरीकडून रीतसर मोजणी करून घेतो, आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला बोलावतो. चुना टाकताना काका हजर असले की पुढचे निम्मे वाद तिथंच मिटतात. ज्यांना तरीही धास्ती असते ते न्यायालयात केव्हिएट दाखल करतात. ती ९० दिवस टिकते आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळण्याची शक्यता कमी होते.

खोदकामाचं आणखी एक आहे. शेजारच्या जमिनीला आपल्या जमिनीचा नैसर्गिक आधार असतो, आणि जुन्या घराला तो आधार वीस वर्षांनी हक्कानं मिळालेला असतो. तळघरासाठी खड्डा खणताना बाजूची माती ढासळली, काकांच्या भिंतीला भेग गेली, तर 'नकाशा पास होता' हा बचाव नाही. खोदण्यापूर्वी शेजारच्या घराचे सगळ्या बाजूंनी तारखेसह फोटो काढून एक प्रत त्यांनाच द्यावी. जुनी भेग कुठली आणि नवी कुठली यावरचं भांडण त्यानं वाचतं.

शेजारी एकाच इमारतीतला असेल तेव्हा गणित वेगळं. तिथं टक्केवारी चालते. गुजरात ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. इमारत किमान २५ वर्षांची असेल आणि ७५ टक्के सदनिकाधारक राजी असतील, तर पुनर्विकास करता येतो. त्याआधी एखाद-दुसरा सभासद सगळ्यांना अडवून धरू शकत असे. महाराष्ट्रातून सुरतेत आलेली माणसं मात्र ५१ टक्क्यांची भाषा करतात, कारण तिथल्या ४ जुलै २०१९ च्या सहकार विभागाच्या निर्देशांनुसार दोन-तृतीयांश सभासदांची गणपूर्ती असलेल्या सभेत उपस्थितांपैकी ५१ टक्के मतं पुरतात. नवापूरची हद्द ओलांडली की आकडा बदलतो, हे सभा बोलावण्याआधी पाहिलेलं बरं.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात बिल्डरला मंजूर नकाशात मोठा बदल करायचा असेल, तर रेरा कायद्यानं दोन-तृतीयांश खरेदीदारांची संमती बंधनकारक आहे. अशी संमती कागदी वाटते, पण ती डावलल्याची किंमत नोएडात दिसली. तिथल्या रहिवाशांना न विचारता, किमान अंतर न पाळता उभे राहिलेले सुपरटेकचे दोन मनोरे सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालानंतर २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुरुंग लावून पाडण्यात आले.

सुरतेत आणखी एका कायद्याची यात गल्लत होते. शहराच्या काही भागांना १९९१ चा 'अशांत धारा' लागू आहे. तिथं मालमत्ता विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हा कायदा विक्रीचा आहे, बांधकामाचा नाही. त्यात शेजाऱ्यांची पसंती घेतली जाते असा समज पसरलेला आहे. वडोदऱ्यातल्या एका दुकानाच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं की विक्री स्वेच्छेनं आणि रास्त किमतीला झाली का, एवढंच पाहायचं.

शेजारी नेहमी माणूसच असतो असंही नाही. वेसूकडच्या उंच इमारती सुरत विमानतळाच्या उड्डाणमार्गात आल्या, धावपट्टीचा काही भाग उतरण्यासाठी वापरता येईना, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथं ना-हरकत पत्र खरोखरच लागतं, आणि ते उंचीसाठी लागतं.

"मोठा टॉवर येतोय, जनसुनावणीत बघून घेऊ," असं सोसायटीच्या बाकड्यावर हमखास कुणीतरी म्हणतं. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते, पण निवासी आणि व्यापारी इमारतींच्या त्या वर्गाला जनसुनावणीतून सूट आहे. सुनावणी हजीऱ्याच्या कारखान्यांची होते, वराछाच्या टॉवरची नाही.

मग सामान्य शेजाऱ्याचं म्हणणं कायदा कधी ऐकतो? फार आधी, आणि तेव्हा कुणी फिरकत नाही. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी दोन महिने मिळतात. त्याहून महत्त्वाची असते टीपी, म्हणजे नगररचना योजना. सुरतेची वाढ याच योजनांवर झालेली आहे. शेतजमिनीचे वेडेवाकडे तुकडे एकत्र करायचे, प्रत्येक मालकाकडून काही हिस्सा कापून घ्यायचा आणि उरलेली जमीन चौकोनी फायनल प्लॉट करून परत द्यायची. कायद्यात या कपातीचा अंदाज दिला आहे: रस्त्यांसाठी १५ टक्के, उद्यानांसाठी ५, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी ५ आणि विक्रीसाठी १५. मसुदा ठरताना मालकांची सभा बोलावली जाते आणि तो प्रसिद्ध झाल्यावर वांधा अर्जासाठी, म्हणजे हरकतीसाठी, एक महिना असतो. पुढे नगररचना अधिकारी व्यक्तिगत म्हणणं ऐकतो.

तुमच्या घरासमोरचा रस्ता ९ मीटरचा होणार की १८ चा, हे तिथं ठरतं. आणि समोर किती मजले उभे राहतील ते त्या रुंदीवर अवलंबून असतं. दहा वर्षांनी टॉवरचा पाया खणताना आरडाओरडा करणाऱ्या शेजाऱ्याची खरी संधी त्या एका महिन्यात होती. त्या वेळी सभेला जातात ते दलाल आणि बिल्डरांची माणसं. भाडेकरूला तर पत्ताही नसतो.

शेजाऱ्याची दुसरी संधी येते ती मंजुरीबाहेरचं बांधकाम सुरू झाल्यावर. 'तुमचं काय नुकसान झालं ते सांगा' असं तेव्हा त्याला ऐकवलं जातं. सर्वोच्च न्यायालयानं १९७४ साली उडुपीच्या प्रकरणात याचं उत्तर दिलेलं आहे. निवासी भागात सभागृहाच्या परवानगीचं रूपांतर चित्रपटगृहात झालं होतं. नियमबाह्य बांधकाम थांबवण्यासाठी तिथला रहिवासी दाद मागू शकतो, कारण नियम त्याच्यासाठीच आहेत, असं न्यायालयानं म्हटलं.

सरथाण्याची तक्षशिला आर्केड सुरत विसरलेली नाही. २४ मे २०१९ रोजी तिथं लागलेल्या आगीत २२ जणांचा जीव गेला. त्यात बहुतेक वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये शिकणारी मुलं होती, आणि इमारतीच्या माथ्यावरचं बांधकाम विनापरवाना होतं. महापालिका आणि अग्निशमन दलाच्या काही अधिकाऱ्यांनाही अटक झाली. गच्चीवरचा पत्र्याचा किंवा फायबरचा 'तात्पुरता' मजला आजही गल्लोगल्ली दिसतो. तक्रार करणाऱ्याला कटकट्या म्हणण्याची रीतही कायम आहे.

अर्थात काही तक्रारदार खरोखरच धंदेवाईक असतात. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा, मग बांधणाऱ्याला फोन करायचा, अशा खंडणीचे गुन्हे सुरत पोलिसांनी नोंदवले आहेत. ज्याचं बांधकाम नकाशाप्रमाणे आहे त्याला असल्या फोनची भीती बाळगायचं कारण नाही. ज्याचं नाही, तो 'इम्पॅक्ट फी भरून टाकू' म्हणतो. २०२२ च्या अध्यादेशानं आणि त्यानंतरच्या कायद्यानं अनधिकृत बांधकाम शुल्क घेऊन नियमित करण्याची सोय दिली खरी, पण ती आधी झालेल्या बांधकामांसाठी आणि अटींसह. सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेवर केलेल्या बांधकामाला ती मिळत नाही.

१७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देशभरासाठी निर्देश दिले: बांधकाम पूर्ण होईपर्यंत मंजूर नकाशा जागेवर लावून ठेवायचा. पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय, म्हणजे गुजरातच्या भाषेत बीयूशिवाय, ताबा, वीज-पाण्याची जोडणी आणि त्या इमारतीवर बँकेचं कर्ज नाही. नकाशा लावलेला नसेल तर झोन कचेरीत तो मागता येतो, आणि तिथं मिळाला नाही तर माहिती अधिकारात ३० दिवसांची मुदत आहे. हातात आल्यावर त्यातल्या तीन गोष्टी जागेवर ताडून पाहता येतात: आपल्या बाजूचं मार्जिन, मजल्यांची संख्या आणि तळमजल्यावर पार्किंग दाखवलेल्या जागी दुकानाचं शटर तर बसत नाही ना.